दिवटे काकूंचा सिलिंडर

चहाचा पहिला घोट घेतला आणि मला रॉकेलचा वास आला.

तसा हलकाच होता. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण मी तालुक्याच्या पुरवठा शाखेत कारकून. रेशन दुकानांच्या तपासण्यांना साहेबांच्या मागे फिरून फिरून तो वास माझ्या शर्टांच्या धाग्यात बसला होता, आणि आई माझे कपडे वेगळे भिजवत असे. मी कप बशीत ठेवला आणि समोर बघितलं. मधल्या दाराचा पडदा मुद्दाम बाजूला सारलेला होता. आत एका लाकडी टेबलावर दोन बर्नरची गॅसशेगडी आणि टेबलाखाली लाल सिलिंडर, बाहेर बसलेल्या पाहुण्यांना नीट दिसेल असा. सिलिंडरला हळदकुंकवाची बोटंही ओढलेली होती.

शेगडीमागची भिंत मात्र छतापर्यंत काळी होती. गॅसनं भिंत अशी होत नाही. वर्षानुवर्षं स्टोव्ह पेटवला की होते.

आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, आई, माझा दत्तूमामा आणि आमचे पुरवठा निरीक्षक माणगावे साहेब. साहेबांचं तिथं खरं म्हणजे काही काम नव्हतं. पण माझे वडील नव्हते, आणि मामाचं म्हणणं असं की चारचौघांत बसायला एखादा वजनदार माणूस बरोबर असावा. तालुक्यात तेव्हा पुरवठा निरीक्षकाइतकं वजन फार थोड्यांना होतं, कारण साखर, गहू आणि रॉकेल त्यांच्या सहीनं हलायचं. मी भीत भीत विचारलं आणि साहेब चटकन हो म्हणाले. त्यांना मुलगी नव्हती, मुलगा नव्हता, आणि असल्या कार्यक्रमांची त्यांना हौस होती.

घर साळी गल्लीतलं, वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या. आमचं गाव यंत्रमागांचं. खालून चारी बाजूंनी मागांचा खडखडाट येत होता आणि जो तो जरा मोठ्यानंच बोलत होता. मुलीचे वडील, चोथे, वीस वर्षं माग चालवून कानांनी गेलेले. ते सगळ्याला मान डोलवत होते. बोलण्याचं काम मुलीची आई शालनबाई करत होती. ती मागांवरच्या कामगारांना डबे द्यायची. चोथ्यांना आता काम झेपत नसल्यामुळे घर त्या सोळा डब्यांवरच चाललं होतं, ही माहिती आम्हांला मध्यस्थानं आधीच दिली होती. गॅस आहे, हेही त्यानंच सांगितलं होतं.

गॅसचं कारण माझी आई. सहा महिन्यांपूर्वी साहेबांच्या ओळखीनं आमच्या घरी गॅस आला. तेव्हा नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. पहिला महिनाभर आई त्या शेगडीजवळ गेली नाही. सकाळी मी पेटवून द्यायचो, मग ती लांबूनच पातेलं ठेवायची. एकदा भीती मोडल्यावर मात्र तिचं डोकंच फिरलं. जाईल तिथं गॅसचं कौतुक. आणि सून आणायची तर गॅसच्या घरातलीच, नाहीतर पोरगी आमच्या घराला काडी लावेल, असं तिनं साऱ्या मध्यस्थांना बजावून ठेवलं होतं.

मुलगी आली, पोह्यांच्या बश्या दिल्या, पाटावर बसली. नाव वैजयंता. बारावी झालेली. मामानं नेहमीचे प्रश्न विचारले. साहेबांनी तपकीर ओढली आणि पोह्यांची तारीफ केली. त्या तपकिरीपायी साहेबांना कसलाच वास येत नसे. आम्ही ऑफिसात त्यावर हसायचो. मला मात्र पोह्यांनाही रॉकेलचा वास आला, आणि का कोण जाणे, मला ती मुलगी तिथंच आवडली. खाली मान घालून बसायची तशी ती बसली होती, पण मामानं विणकाम येतं का विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, "नाही, डबे भरायला येतात."

मग आई उठली. स्वयंपाकघर बघते म्हणून आत गेली आणि तिथूनच मुलीला हाक मारली. मला आईचा स्वभाव माहीत होता. तिला परीक्षा घ्यायची होती.

"जरा पेटवून दाखव बघू, बाळ," आई म्हणाली.

मी बसलो होतो तिथून सगळं दिसत होतं. वैजयंतानं काडेपेटी घेतली, काडी ओढली आणि शेगडीचं बटण फिरवलं. काही झालं नाही. होणारच नव्हतं. सिलिंडरच्या तोंडावरची पांढरी टोपी तशीच होती आणि रेग्युलेटर नळीसकट टेबलाच्या पायामागं लोंबत होता. काडी तिच्या बोटांपर्यंत जळत आली. तिनं ती फुंकली, आणि आवाजात काही फरक न पडू देता म्हणाली, "संपलाय वाटतं. नंबर लावलाय."

आई खाली वाकायला लागली. ती वाकली असती तर तिला टोपी दिसली असती. आमच्या गॅसच्या जोरावर ती आता त्यातली जाणकार झाली होती. मी बाहेरून म्हणालो, "आई, चल आता. साहेबांना उशीर होतोय."

आई सरळ झाली. तिच्या खांद्यावरून वैजयंतानं माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे तिला कळलं. त्या एका नजरेवर मी पुढचे पंधरा दिवस हवेत होतो. मी स्वतःला फार मोठ्या मनाचा समजत होतो.

सिलिंडर कुणाचा होता हेही मला जिना उतरेपर्यंत उमगलं होतं. त्या चाळीत गॅसजोडणी एकच होती, शेजारच्या दिवटे काकूंची. गॅस एजन्सीची यादी मीच तर हातानं उतरून काढली होती. काकूंचा मोकळा सिलिंडर आणि शेगडी दुपारपुरती उचलून आणली, एवढीच काय ती लबाडी. आमच्या बाजूला असं सर्रास चालायचं. पाहुणे यायचे म्हणून लोक शेजारच्या खुर्च्या आणायचे, घड्याळ आणायचे, एकांनी तर रेडिओ आणला होता. सिलिंडर आणला तर कुठं बिघडलं.

बिघडलं ते एवढंच की पाहुण्यांत पुरवठा निरीक्षक होता.

एक्क्याण्णव सालची सुरुवात होती ती. आखातात लढाई चालू होती, आणि तिकडे तेलाच्या विहिरी जळाल्या की इकडे आमच्या दुकानांपुढच्या रांगा लांबायच्या. रॉकेल तेव्हा दोन भावांचं असे. एक रेशनवरचं निळं, सरकार पदरचे पैसे घालून स्वस्तात द्यायचं ते. दुसरं खुल्या बाजारातलं, तिप्पट भावाचं, आणि तेही बहुतेक रेशनवरूनच वाट फुटून आलेलं. निळं कमी पडायला लागल्यावर जिल्ह्याहून आम्हांला सांगणं आलं की ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांना स्वस्त रॉकेल कशाला? त्यांची कार्डं शोधा, त्यांवर 'गॅसधारक' असा शिक्का मारा आणि त्यांचं रॉकेल बंद करा. बाकीच्यांकडून गॅस नसल्याचं हमीपत्र घ्या. हे चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. बंगल्यांतले लोक निळं रॉकेल घेऊन स्कूटरी धूत होते, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

तर हमीपत्रांचे गठ्ठे यायला लागले. मी नावं लावायचो, साहेब चाळून सह्या करायचे. मुलगी बघून आल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा हात एका कागदावर थांबला.

"म्हेत्रे," ते म्हणाले, "हे चोथे म्हणजे तुमचेच ना?"

मी कागद बघितला. खाली चोथ्यांचा अंगठा, बाकीचं अक्षर मुलीचं असावं. गॅस नाही, असं लिहिलेलं. खरं तेच लिहिलेलं.

साहेबांचा चेहरा पडला होता. माणगावे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर ऐकणारा लगेच त्यांच्यावर घसरतो. दुकानदाराच्या घरचा चहासुद्धा ते पीत नसत. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. आपण ज्या घरी पाहुणे म्हणून जाऊन आलो, आपल्या डोळ्यांनी गॅस बघून आलो, त्या घरानं आपल्यालाच खोटं लिहून द्यावं? मी म्हणालो, एजन्सीच्या यादीत त्यांचं नाव नाही. साहेब म्हणाले, मग दुसऱ्याच्या नावावरचा वापरत असतील, ते तर आणखी वाईट. आणि मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. ते म्हणाले, "तुमची सोयरीक जुळतेय म्हणून मी डोळेझाक केली असं उद्या कुणी म्हणालं तर मला चालणार नाही. तुम्हांलाही चालू नये."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तो सिलिंडर शेजारचा होता, मोकळा होता, आमच्यावर छाप पाडायला आणला होता. साहेब कदाचित हसलेही असते. पण त्यांनी ते मामाला सांगितलं असतं, मामानं आईला. आईनं त्या घराचं नाव टाकलं असतं. आणि मला वैजयंता हवी होती. मी मनाशी हिशेब केला की दोन महिन्यांत लग्न होईल, मग मी जावई या नात्यानं त्यांना कुठून तरी गॅस मिळवून देईन, तोपर्यंत काय होतंय. दुसऱ्याच्या चुलीबद्दल असे हिशेब फार पटकन जमतात.

साहेबांनी कार्ड मागवून घेतलं. शिक्के मारायचं काम माझं होतं. मी शिक्का जांभळ्या शाईच्या पॅडवर दाबला आणि चोथ्यांच्या कार्डाच्या पहिल्या पानावर उमटवला. नीट उमटला. मी माझं काम नेहमी नीट करायचो.

इकडे मामानं सुपारी फोडायचा दिवस धरला, पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी. आईनं साड्या बघायला सुरुवात केली. चोथ्यांकडून मध्यस्थामार्फत निरोप आला, पण तो तयारीबद्दलचा होता. रॉकेलबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला हायसं वाटलं. मी ठरवलं की त्यांचं भागतंय.

त्यांचं कसं भागत होतं ते मला नंतर कळलं. रॉकेल बंद झाल्यावर शालनबाईनं आठ दिवस खुल्या बाजारातलं घेतलं. त्या भावात डब्यात काही उरेना. मग लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि भुशाच्या शेगडीवर सोळा डब्यांचा स्वयंपाक सुरू केला. वरच्या मजल्यावरचा तो धूर. घरमालकानं भाड्यानं देतानाच चूल चालणार नाही असं सांगितलं होतं. त्यानं दोनदा तोंडी सांगितलं आणि तिसऱ्यांदा महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा म्हणाला. डबे वेळेवर जाईनात. सोळाचे अकरा झाले. तरी बाई गप्प राहिली, कारण तक्रार करायला जायचं तर सिलिंडर मागून आणला होता हे सांगावं लागणार, आणि जिथं सांगायचं तिथं जावई बसलेला. सुपारी होईपर्यंत कळ काढ, असं ती मुलीला म्हणत होती.

मुलीनं कळ काढली नाही. सुपारीच्या आधीच्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, मी नोंदवहीतून मान वर केली तर रांगेत वैजयंता उभी होती. हातात कार्ड. डोळे लाल. मला वाटलं रडलीय. मग केसांचा वास आला, भुशाच्या धुराचा.

मी उठून तिला बाजूला घ्यायला हवं होतं. मी तिच्या पुढच्या माणसाचा अर्ज फार सावकाश तपासला.

तिचा नंबर आला तेव्हा तिनं कार्ड माझ्यापुढे नाही ठेवलं. शेजारच्या टेबलावर साहेब होते, त्यांच्यापुढे ठेवलं. "शिक्का चुकून पडलाय," ती म्हणाली. "आमच्याकडं गॅस नाही."

साहेबांनी तिला ओळखलं आणि ते अवघडले. बसा म्हणाले. ती बसली नाही. साहेबांनी तिला जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं की बाळ, आम्ही स्वतः तुमच्या घरात गॅस बघितलाय. रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. ती आता काय बोलणार ते मला दिसत होतं आणि ते बोलल्यावर गुरुवार येणार नव्हता.

"तो मागून आणला होता," वैजयंता म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून. शेजारचा. मोकळाच होता."

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेबांनी तिकडं बघितलं तेव्हा थांबलं.

"कुणाचा आणला होता?"

तिनं मागच्या रांगेकडं एकदा बघितलं.

"नाव सांगा, म्हणजे मला चौकशी करता येईल. मात्र आधीच सांगतो, आपला सिलिंडर दुसऱ्याला देणं नियमात बसत नाही. त्यांची जोडणी जाऊ शकते."

मी बघत होतो. दिवटे काकूंचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. "मग नाव नाही सांगत," ती म्हणाली. "ज्यांनी दिला त्यांच्या घरात अंधार कशाला."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ते खरोखरच अडचणीत आले होते. मुलगी खोटं बोलत नाही हे त्यांना दिसत असावं, पण फाईलीत 'दिसतं' म्हणून लिहिता येत नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"म्हेत्रे, तुम्ही त्या दिवशी तिथंच बसला होतात. दाराच्या समोर. सिलिंडर जोडलेला नव्हता, मोकळा होता, असं काही तुमच्या लक्षात आलं होतं का? आलं असेल तर आत्ता सांगा. मी लगेच शिक्का रद्द करतो."

मी नोंदवही मिटली.

"म्हणजे माहीत असून तुम्ही शिक्का मारलात असं होईल," साहेब पुढं म्हणाले. "त्याबद्दल तुम्हांला लेखी विचारावं लागेल. ते मी टाळू शकणार नाही. पण कार्ड आज सुटेल."

किती सरळ माणूस. दोन्ही बाजू त्यांनी माझ्यापुढे मांडून ठेवल्या. एका बाजूला चोथ्यांचं रॉकेल, अकरा डबे, महिनाअखेर मोकळ्या करायच्या खोल्या. दुसऱ्या बाजूला माझ्या नावाचा एक कागद. मला नोकरीत तीन वर्षं झाली होती आणि कायम झाल्याचा आदेश अजून आला नव्हता. तो त्या महिन्यात येईल असं चाललं होतं. माझ्या डोळ्यांपुढं तो आदेश आला, मग आई आली, मग मामा, मग रांगेतली ही माणसं, जी संध्याकाळपर्यंत गावभर सांगणार होती की म्हेत्र्यानं होणाऱ्या सासऱ्याच्याच कार्डावर खोटा शिक्का मारला.

वैजयंता माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बघितलं होतं तसंच. तिच्या डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती. तिला खात्री होती.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

साहेबांनी मान हलवली आणि चष्मा घातला. ते तिला म्हणाले की आता माझा इलाज चालत नाही, तुम्ही वर तहसीलदारांकडं अर्ज करा, मी शिफारस लिहितो. त्यांनी खरंच लिहिली असती. तिनं कार्ड उचललं. ती बटण फिरवत होती तेव्हा मी बघत होतो, आई वाकायला लागल्यावर मी हाक मारली, हे सगळं तिला साहेबांना सांगता आलं असतं. मी ते ऐकायच्या तयारीनं टेबलाची कड धरून बसलो होतो. तिनं काहीही सांगितलं नाही.

ती बाहेर गेल्यावर मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. ऑफिसच्या मागच्या व्हरांड्यात मोडक्या कपाटांच्या ओळीपाशी ती पदरानं डोळे पुशीत उभी होती. धुरानं चुरचुरणारे डोळे तसे पुसतात. मला बघून ती थांबली.

"तुम्ही बघितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, तुम्ही आईंना मुद्दाम हाक मारली."

"मुद्दामच मारली."

"मग आज काय झालं?"

मी तिला समजावून सांगायला लागलो. अजून कायम झालो नाही, आदेश यायचाय, साहेब लेखी विचारणार म्हणजे मेमो देणार, नोकरीच्या सुरुवातीलाच मेमो मिळाला की कसं वाईट दिसतं. सुपारी मोडू नका, असंही मी म्हणालो. लग्नानंतर सगळं मी बघतो, गॅस मिळवून देतो. मी बराच वेळ बोलत होतो. ती माझं सगळं ऐकून घेत होती, एखाद्या खिडकीवर कागद कसा भरायचा ते विचारायला आल्यासारखी.

"मेमो म्हणजे काय असतं?" तिनं विचारलं.

"कागद असतो. असं का केलंत, खुलासा करा, असं लिहिलेलं असतं."

"मग?"

"मग आपण खुलासा लिहून द्यायचा."

"आणि नोकरी?"

"नोकरी नाही जात. एवढ्यावर नाही जात. फाईलीला लागतो तो कागद."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

तिनं कार्ड पिशवीत घातलं आणि ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेली.

सुपारी त्यांनीच मोडली. मध्यस्थानं येऊन सांगितलं की मुलगी नाही म्हणते. आईला फार लागलं. गॅसच्या घरातल्या मुलींना असाच माज असतो, असं ती बरेच दिवस म्हणत होती. रांगेतलं ते बोलणं तिच्या कानापर्यंत आलं नाही, आणि मीही तिला खरं सांगितलं नाही. महिनाअखेर चोथ्यांनी खोल्या सोडल्या. तहसीलदारांकडं अर्ज वगैरे आला नाही. मी रोज टपाल बघायचो. शालनबाईनं डबे बंद केले आणि ते तिघं इचलकरंजीला तिच्या भावाकडं गेले, एवढं दिवटे काकूंकडून कळलं. काकूंनी मला उंबऱ्यात उभं ठेवूनच सांगितलं. पुढचं मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला इचलकरंजी काही लांब नव्हतं, पण मी गेलो नाही.

माझा कायमचा आदेश त्याच महिन्यात आला. वर्षभरात लग्नही झालं, मिरजेच्या मुलीशी, चांगलं झालं. निळ्या रॉकेलचा कोटा वर्षावर्षाला कमी होत गेला आणि शेवटी बंदच पडला. शिक्का, पॅड, हमीपत्रांचे गठ्ठे सगळं एका पावसाळ्यात वाळवी लागून गेलं, आणि त्याचा पंचनामाही मीच लिहिला. माणगावे साहेब निवृत्त होऊन वारले. मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलो.

त्या तेहतीस वर्षांत मला चार मेमो मिळाले. चारही वेळा मी खुलासा लिहून दिला, आणि ते कागद फाईलीला लागले. ते कशाबद्दल होते, हे मला आज कितीही ताण दिला तरी आठवत नाही.